शुभेच्छुकांच्या रांगेतलं जर-तर

दोनशे अकरा.

प्रसेनजीत कांबळेनं आकडा बघितला, चष्मा शर्टाच्या टोकानं पुसला आणि परत बघितला. आकडा तेवढाच होता आणि लालच होता.

"किती आला?" मागनं उदयसिंहदादांनी विचारलं. दादा म्हणजे मालक. आधी स्वतः फ्लेक्स छापायचे, मग हट्टानं कोड लिहायला शिकले, आणि शाहूपुरीत मोटारीच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर हे हापीस थाटलं.

"दोनशे अकरा."

"हे मार्क हायत का बीपी हाय?"

"बीपी म्हणा. पंधराच्या आत पायजे."

"मग पेशंट मेलाच की रं."

हापिसात फ्लेक्स छापत नसत. फ्लेक्सवाल्यांच्या सॉफ्टवेअरच्या पोटात जे चालतं, ते इथं लिहिलं जाई. अक्षराला कड काढायची, फोटो कापून चौकटीत बसवायचा, रंगात रंग मुरवायचा. असल्या तयार कोडच्या गठ्ठ्याला लायब्ररी म्हणतात. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाचं पुण्यस्मरण, जिल्ह्यातल्या चौकाचौकांत जे काय टांगलं जातं, त्यातलं बरंचसं या गठ्ठ्यातनं गाळून येतं.

आता पुण्याची एक कंपनी हा गठ्ठा उचलून आपल्या ॲपमध्ये घालणार होती. मग तो महाराष्ट्रभर पसरणार. मुख्य अट एकच होती, मीटर लाल दिसता कामा नये. मीटर म्हणजे कोड तपासणारा कोड. 'जर असं असेल तर हे कर' म्हणून वाट जिथं फुटते तिथं मीटर एक मोजतो. एका फंक्शनात, म्हणजे कोडच्या एका तुकड्यात, पंधराच्या वर फाटे गेले की लाल. त्याचं कारण खरं आहे. इतके फाटे कुणाच्या डोक्यात मावत नाहीत. एकीकडं ठिगळ लावावं तर दुसरीकडं उसवतं.

दोनशे अकरा फाट्यांचा तो तुकडा म्हणजे 'फोटोमांडणी'. त्यातला पहिला जर विचार करून लिहिला असेल. पुढचे सगळे फोनवर शिव्या खात लिहिलेले. साहेबांच्या फेट्याचा तुरा कापला गेला, म्हणून जर फेटा असेल तर वर जागा सोड. अध्यक्षांनी गॉगल लावला म्हणून मशीनला तोंडच सापडेना, म्हणून जर गॉगल असेल तर नाक शोध. कसबा बावड्यात एकानं म्हशीच्या वाढदिवसाचा फ्लेक्स केला आणि मशीननं शिंगं छाटली. तो गडी दुकानात येऊन खुर्चीत बसला, उठेचना. "माझ्या म्हशीची चौकात इज्जत काढली," म्हणाला. दुकानदारानं दादांना फोन केला, दादांनी प्रसेनजीतला. जर शिंगं असतील तर.

आठ-नऊ वर्षं हेच. कधी तो लिही, कधी दादा. कुणी मागं वळून बघितलं नाही, कारण पुढचा फोन वाजत असायचा.

आता बघणं भाग होतं. प्रसेनजीतनं एकेक जर उलगडायला घेतला. मान आखडली, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायला लागलं. फेटा, गॉगल, म्हस, तुतारीवाला, कडेवरचं पोर. शेवटी त्याच्या ध्यानात आलं की हे सगळं दुखणं एकच आहे. मशीनला तोंड ओळखायला लावायचंच कशाला? दुकानदारानं फोटोवर बोटानं चौकोन ओढावा, एवढ्याला हात लावू नको म्हणून. मग आत फेटा असो नाहीतर शिंगं. एका फटक्यात निम्मे फाटे गेले. एरवी असल्या गोष्टीवर त्यानं दादांना चहा पाजला असता. या वेळी नुसता जांभई देऊन पुढं सरकला.

आणि शुभेच्छुकांच्या रांगेशी येऊन अडकला.

वरनं काम साधं होतं. ज्यांचे फोटो नाहीत अशांची नावं खालच्या पट्टीत रचायची. हा भाग दादांनी लिहिलेला, प्रसेनजीतनं कधी उघडला नव्हता. उघडला तर आत आडनावं. आडनाव कांबळे असेल तर शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात. आणखी पाच-सहा आडनावांना तोच न्याय. मग गायकवाड. गायकवाड दोन्हीकडं असतात, म्हणून पुढं गाव बघायचं. या गावचा असेल तर वर, त्या गावचा असेल तर खाली. मग जाधव. एका गावात दोन्हीकडचे जाधव निघाले, म्हणून गल्ली बघायची. जात आडनावात कोंबायला बसलेला माणूस फाट्याला फाटा फोडत गेलता आणि जात तरीबी बसंना. सगळ्या फंक्शनात मीटर इथंच जास्त तापला होता.

प्रसेनजीतनं खुर्ची मागं घेतली. गेल्या साली कागलकडच्या त्याच्या गावात शाळेच्या कमानीवर फ्लेक्स लागला होता. त्याचे वडील बाबासो, एसटीच्या वर्कशॉपमधनं निवृत्त झालेला माणूस, त्यांनी शाळेची पाण्याची मोटर पदरमोड करून बसवली होती. त्यांचं नाव शेवटच्या ओळीत, बारीक. "जागा पुरली नसंल," बाबासो म्हणाले होते. आणि हा शहाणा त्यांना अक्षरांची कड दाखवत होता. बगा आबा, किती सफाईदार हाय, मी केलीया.

जागा भरपूर होती.

तो उठला आणि दादांच्या टेबलाशी गेला.

"दादा, ते शुभेच्छुकांचं काय हाय?"

दादांना लगेच कळलं. त्यांनी मान वर केली नाही. "ते गडहिंग्लजच्या हंबीररावांचं हाय. राहू दे."

"काय राहू दे?"

"अरे, त्यांच्या दुकानातली पोरं नावं खालीवर करायची, मग गावात हाणामारी. ते म्हणाले, मशीनमदीच घालून टाका, पोरांच्या डोक्याला ताप नको. मी घातलं. तू त्यावेळी रंगांचं बघत हुतास."

"माझं आडनाव पयलं हाय त्यात."

"तुझं म्हणून न्हवं रं." दादांनी आता वर बघितलं. "ती आडनावं कोडमधनं काढ आन् बाजूला सेटिंगच्या फायलीत टाक. फाटे कमी. मीटरला दिसायचं न्हाय."

"मीटरला न्हाय दिसायचं. फ्लेक्सवर दिसंल की."

दादांनी मान परत खाली घातली.

दुसऱ्या दिवशी खुद्द हंबीरराव आले. गडहिंग्लजला त्यांची फ्लेक्सची तीन दुकानं आहेत, आणि लायब्ररीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक तेच. बदल होणार म्हटल्यावर खात्री करायला आलेले. माणूस हसतमुख. आल्या आल्या प्रसेनजीतच्या पाठीवर थाप.

"काय पावणं, आमचं काय मोडत न्हाय न्हवं?"

"शुभेच्छुकांची रांग काढावी म्हणतोय."

"आँ? त्येच तर आमचं मेन हाय! त्याच्याबिगर दुकान चालत न्हाय." ते खुर्ची ओढून बसले. "म्या जातपात मानत न्हाय, आधीच सांगतो. माझ्या दुकानात तीन पोरं त्यांच्यातलीच हायत. एका ताटात जेवतो आमी. पर गिऱ्हाईकाला कोण समजावणार? गावात ऱ्हायाचं म्हटल्यावर रीत बघाय लागती की. आडनाव काय म्हणायचं तुमचं?"

"कांबळे."

हंबीररावांचा चहाचा कप तोंडाशी थांबला, मग गेला. "व्हय का. बरं बरं. मग तुमास्नी काय सांगायचं, तुमी जाणते हायसा."

हे 'जाणते' प्रसेनजीतनं शाळेपासून ऐकलं होतं. म्हणजे गप बसा. तो जागेवर जाऊन बसला. त्याला ओरडायचं होतं, पण ओरडायलाही अंगात काहीतरी लागतं.

त्या दुपारी त्यानं रांगेचं काम केलं. पुण्याच्या कंपनीनं आणखी एक नियम लावला होता. मोठा तुकडा फोडून लहान तुकडे करा, आणि प्रत्येक तुकड्याला असं नाव द्या की आत न डोकावता कळावं तो काय करतो. नियम चांगला होता. प्रसेनजीतनं तो तंतोतंत पाळला. आडनावं सेटिंगच्या फायलीत टाकली, दादा म्हणाले तसं. उरलेला तुकडा वेगळा काढला आणि त्याला नाव दिलं, 'आडनावबघूनखालीटाक'.

मीटर हिरवा झाला. दादा खूश होऊन स्क्रीनपाशी आले आणि वाचून थबकले.

"हे काय लिवलंयस?"

"नाव."

"असलं नाव अस्तंय व्हय! पुण्याची माणसं वाचणार हायत!"

"वाचायसाठीच अस्तंय. बदलतो की. तुमी सांगा दुसरं."

दादा विचारात पडले. "क्रम लावणे."

"क्रम कशावरनं? विचारतील."

"पारंपरिक क्रम."

"कसली परंपरा? आत न बघता कळाय पायजे."

"स्थानिक... स्थानिक पद्धत."

"दादा, तुमी मला येडा समजताय का त्यास्नी?"

दादांनी कपाळावरचा घाम पुसला. पंधरा मिनिटं दोघं तिथं उभे होते. दादांना एक नाव सापडेना. ते वाईट माणूस नव्हते. प्रसेनजीतला पोराच्या ॲडमिशनला सुट्टी त्यांनीच दिली होती, आणि बाबासोंच्या ऑपरेशनला दवाखान्यात रात्रभर बसलेही होते. त्यांनी आठ वर्षं ज्या गोष्टीला नाव दिलं नव्हतं, ती आता समोर नाव घेऊन उभी होती, एवढंच.

तेवढ्यात पुण्याचा व्हिडिओ कॉल आला. मनाली नावाची बाई कंपनीकडून कोड तपासायची. हुशार, झटपट बोलणारी.

"छान झालंय हं, सगळं ग्रीन दिसतंय," ती म्हणाली. "एक विचारायचं होतं. हे आडनाव बघून, म्हणजे नक्की काय करतं?"

दादांनी खिडकीकडं बघितलं.

"जातीवरनं नावं खाली टाकतं," प्रसेनजीत म्हणाला. "बारीक अक्षरात. गिऱ्हाईकाची मागणी हाय."

मनालीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, ते प्रसेनजीतनं बघितलं. वाटलं, आता बोलेल.

"ओके," ती म्हणाली. "म्हणजे ते क्लायंटचं कॉन्फिगरेशन आहे. आमच्याकडं तो मुद्दा येत नाही, आम्ही फक्त कॉम्प्लेक्सिटी बघतो. नाव मात्र इंग्लिशमध्ये करा प्लीज, जरा न्यूट्रल. बाकी अप्रूव्ह्ड."

कॉल संपला. दादांनी सुस्कारा सोडला. "सुटलो बाबा."

प्रसेनजीत स्क्रीनकडं बघत होता. मीटर हिरवा, बाई खूश, दादा मोकळे, हंबीरराव निर्धास्त. आणि तो तुकडा आता नंदुरबारपासून सिंधुदुर्गापर्यंत जाणार, त्याच्या हातानं साफसूफ होऊन, आधीपेक्षा जास्त वेगानं चालणारा. घाण होती तेव्हा निदान मोडत तरी होती.

त्यानं तो तुकडा निवडला आणि पुसला. सेटिंगची फाईल पुसली. नावं अकारविल्हे, सगळी एका मापात, अशी एक ओळ लिहिली. मग खुर्ची वळवून म्हणाला, "दादा, काढलं."

"काय काढलंस?"

"आडनावाचं. मुळासकट."

"अरे पास झालं हुतं की!"

"व्हय. तरी काढलं. तुमाला परत घालायचं असंल तर घाला, की-बोर्ड हितं हाय. पर प्रत्येक ओळ कुणी लिवली ते कोडमदी ऱ्हातंय. ती ओळ तुमच्या नावावर जाईल, माझ्या न्हाय. आन् मला काढून टाकायचं असंल तर ते बी आत्ताच सांगा, सांच्याला कागलची एसटी हाय."

दादा खुर्चीत येऊन बसले. की-बोर्डवर हात ठेवला. जुना कोड कुठून आणायचा ते त्यांना माहीत होतं. ते तसेच बसून राहिले, मग हात काढून मांडीवर ठेवला. "चहा सांग," म्हणाले.

आठवड्याभरात नवी लायब्ररी जुन्या गिऱ्हाईकांकडं गेली, आणि दोन दिवसांत दादांचा फोन वाजला. हंबीररावांचा आवाज एवढा मोठा, की स्पीकर लावायची गरज नव्हती.

"उदयसिंह! अवो फ्लेक्स टांगून झाल्यावर कळलं! सगळी नावं एका मापाची! कांबळे वर आन् पाटील खाली! पाटील दुकानात येऊन बसलाय माझ्या!"

प्रसेनजीतला हसू आलं. क ते प. पाटलांनी बाराखडीशी भांडावं.

दादांनी त्याच्याकडं एकदा बघितलं. "हंबीरराव, काय सांगू तुमास्नी," ते फोनमध्ये म्हणाले. "पुण्याचा मीटर हाय त्यो. असलं काय घालूच देत न्हाय. लाल हुतोय. माझ्या हातात काय ऱ्हायलं न्हाय वो."

"मशीनच घेत न्हाय म्हणता?"

"घेतच न्हाय."

"मग काय इलाज." आवाज खाली आला. "सांगतो पाटलाला, मशीनमुळं झालं म्हणून."

प्रसेनजीतचं हसू विरलं. "मीटर कवा लाल झाला?" तो म्हणाला. "ते ठेवूनबी हिरवाच हुता त्यो."

दादांनी फोनवर तळवा ठेवला. "गप की रं. मशीनचं नाव घेतलं की माणूस ऐकतोय. चुकीचं हुतं म्हणून काढलं, असं म्हटलं तर ऐकंल व्हय त्यो? झालं न्हवं तुझ्या मनासारखं?"

झालं होतं. तरी कुणीच म्हटलं नव्हतं की ते चूक होतं. पुण्याच्या बाईनं नाही, दादांनी नाही, आणि आता पाटलालाही कुणी सांगणार नव्हतं. सगळं मशीनवर ढकलून मोकळे. उद्या दुसरं मशीन आलं की परत खाली.

प्रसेनजीत उठला, दादांचा तळवा फोनवरनं बाजूला केला आणि खाली वाकला.

"हंबीरराव, मशीन न्हाय. म्या काढलंय. कांबळेनं. पाटलास्नी माझं नाव सांगा."

पलीकडं दुकानातला प्रिंटर घरघरत होता. मग हंबीरराव म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.

दादांनी फोन टेबलावर पालथा घातला. "गेलं गिऱ्हाईक. झालं समाधान?"

"न्हाय वो दादा," प्रसेनजीत म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. "दमलोय."