जीपची प्रदक्षिणा

आदल्या पावसाळ्यात ओढा फुगला, मदतीची नाव भलत्याच वस्तीवर गेली आणि द्वारकाबाई शेळीसकट दिवसभर माळवदावर बसून राहिली. म्हणून २००९ साली वसमतचा प्रज्ञेश शिरड शहापूरजवळच्या आमच्या गावात, गावकऱ्यांनीच भरायचा खुला नकाशा शिकवायला आला, तेव्हा बाईनं त्याला बजावलं, "मास्तर, माझं घर त्यात आलं पायजे."

शिकायला अख्खं भजनी मंडळ. प्रज्ञेशनं हातात मावेल असं यंत्र दिलं. ते घेऊन माणूस जिथून चालेल तिथून रेघ उठते, अन् तोच रस्ता संगणकावर साऱ्या जगाला दिसतो. मंडळ टाळ वाजवत निघालं. नकाशा झाला.

मग परीक्षा. हिंगोलीच्या लालसिंग ड्रायव्हरनं कधी न पाहिलेल्या या गावात यंत्राच्या भरवशावर द्वारकाबाईचं घर गाठायचं. गाठलं तरच नकाशा मदत पथकाकडं जाणार. प्रज्ञेशनं त्याला ताकीद दिली, "रेघ सोडायची न्हाई."

जीप वेशीतल्या मारुतीपाशी आली आणि देवळाभोवती फिरायला लागली.

"लालसिंगभाऊ, काहून फिरून राहिले?"

"लाईनच गोल है साहेब. आपणच बोलले, छोडना नहीं!"

नकाशा करताना यंत्र पखवाजी सोनाजीकडं होतं. प्रज्ञेशनं मागं बसलेल्या त्याच्याकडं पाहिलं.

"मारुतीला न फिरता पुढं जावं व्हय, मास्तर? पाच प्रदक्षिणा घातल्या."

तिसऱ्या फेरीला गावातला तातेराव नारळ घेऊन धावला. त्याला वाटलं, नवी गाडी पुजायला आणली. चौथीला सोनाजीनं टाळ काढले.

पुढं ओढा उतरून जीप द्वारकाबाईच्या दारात आली, पण थांबेना. घराभोवती फिरायला लागली. शेळी बिथरली.

"आता इथं कोणता देव?" प्रज्ञेश ओरडला.

"महाराज कीर्तनात सांगून गेले न्हाई का, अडलेल्याच्या घरात पांडुरंग ऱ्हातो म्हणून? मग हितं बी पाच घातल्या."

"मुडद्यांनो, उतरा की!" द्वारकाबाई पदर सावरत जीपमागं पळत होती. "चहा उकळून काळा झाला!"

चहा पिताना प्रज्ञेशनं वळसे पुसायला काढले. सोनाजीचा चेहरा उतरला. बाई म्हणाली, "माझ्या पाची पुसा, मास्तर. पाण्यात मी पहिल्याच चकरेला नावंत बसंन. मारुतीची तेवढी एक ऱ्हाऊ द्या, बिचाऱ्या सोनाजीचं मन मोडतं."

भाद्रपदात ओढा पुन्हा फुगला, पाणी वेशीतल्या देवळाभोवती पसरलं. पथकाची नाव नकाशातल्या रेघेवरून आली, मारुतीला एक वळसा घालून नीट बाईच्या माळवदाला लागली. शेळी आधी चढली.