बिनमिठाचं कणीस

"बंधुजी माझा बाई, दुखणं दडवितो
उंबऱ्याशी येता येता, पाऊल अडवितो..."

जात्याच्या घरघरीवर तरंगत येणारा आईचा आवाज. फुलंब्रीच्या घरात आता जातं नाही, आईही नाही. पण चौक्याचा घाट चढताना रत्नमालाला ती ओवी अचानक ऐकू आली, कारण मागच्या सायकलचं पायडल थांबलं होतं.

मागे आकाश होता, तिचा पाठचा भाऊ. काही वर्षांपूर्वी तिनं त्याला आपली एक किडनी दिली. म्हणून तर अवयवदानासाठी शहरातून निघालेल्या या सायकलफेरीत दोघांना मानानं बोलावलं होतं. फुलंब्रीला पोचल्यावर आकाशनं माईक धरून एवढंच सांगायचं होतं, "बघा, मी ठणठणीत आहे."

पाऊस सकाळपासून हटला नव्हता. डोंगरांनी ढगांची घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली होती.

"आकाशभाऊ, ब्रेक दाबून चढायले का काय?" फेरीचा म्होरक्या प्रणय पुढून ओरडला. "का आक्कानं किडनी दिली अन् दम सोताकडंच ठेवला?"

"दम हाय की! तुला ढकलायला राखून ठेवलाय."

सगळे हसले. रत्नमालाही हसली. आकाशचा पाय मात्र अजून जमिनीवरच होता.

वळणावर सारजाबाईची कणसांची शेगडी होती. ताडपत्रीखाली शिरून सगळ्यांनी चिखलाचे बूट काढले, मोजे पिळले. आकाशनं गुडघ्यापर्यंत ओढलेले मोजे तसेच ठेवले. सारजाबाईनं लिंबाची फोड मिठात बुडवली, तसा तो हळूच म्हणाला, "मावशी, मला मीठ नका लावू."

रत्नमालाचा घास तोंडातच राहिला. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बेतानं मीठ खायची मुभा दिली, तेव्हा याच शेगडीपाशी त्यानं खारट कणीस खाऊन बोटं चाटली होती. "आक्का, मीठ म्हंजी जीव गं," असं म्हणाला होता.

"मोजं काढ," ती म्हणाली.

"राहू दे. थंडी वाजायली."

"काढ म्हणते ना."

"लोकं बघायलेत, आक्का."

"बघू दे."

तिनं वाकून स्वतःच मोजा खाली ओढला. डायलिसिसच्या दिवसांत रोज चहाआधी ती त्याच्या नडगीवर अंगठा दाबून बघायची. खड्डा लगेच भरला तर दिवस बरा. नाही भरला तर अंगात पाणी साठलंय, पाण्याचा पेला अर्धाच.

तिनं अंगठा दाबला. उचलला.

खड्डा तसाच राहिला. ताडपत्रीच्या कडेचा एक थेंब त्यात पडला आणि तिथंच थांबला.

"चला रे, फुलंब्रीत लोक ताटकळलेत!" प्रणयनं शिट्टी मारली. एकेक सायकल रस्त्याला लागली. शेगडीपाशी दोघंच उरले, अन् निखारे फुलवणारी सारजाबाई.

"तिथं माईक धरून काय सांगणार हायेस?" रत्नमाला म्हणाली. "ठणठणीत हाय म्हणून? सांग. मी टाळ्या वाजवते."

आकाशनं हातातलं बिनमिठाचं कणीस फिरवत फिरवत पार गार केलं. मग खालीच बघत बोलला.

"आक्का, तुझी किडनी थकलीय गं. डॉक्टर परत मशीनवर घ्यायचं म्हणायलेत. तुला कोणत्या तोंडानं सांगू? तू काढून दिलंस, अन् मला सांभाळता आलं नाय."