धुरावर जपलेली कॅसेट

पुंडलिकनं व्हीसीआरची झडप बोटानं आत ढकलली आणि फटीला नाक लावून वास घेतला.

"अण्णा, मशीन घेतोस का फणस?" परशू म्हणाला. खानापुरातल्या त्याच्या भंगाराच्या दुकानात पुंडलिक कित्येक वर्षं येत होता आणि ही थट्टाही तितकीच जुनी होती.

पुंडलिक हसला नाही. डांबरगोळ्यांचा वास आला तर मशीन कपाटात जपलेलं असतं. उंदराच्या मुताचा आला तर आतल्या तारा गेलेल्या असतात. याला डांबरगोळ्यांचा वास होता. सोबत आणलेली कॅसेट घालून त्यानं दुकानातल्या टीव्हीवर पाहिलं. चित्र स्वच्छ आलं.

"ह्यो शेवटचा," परशू म्हणाला. "आता कोण भंगारातबी घालत न्हाई."

मशीन मांडीवर घेऊन पुंडलिक रामनगरच्या बसमध्ये बसला. एकेकाळी जोयड्याच्या रानातल्या लग्नांना त्याचाच कॅमेरा असायचा. रस्ता संपला की सामान खांद्यावर घेऊन पायवाट धरायची. आता लोक मोबाईलवर काढतात. त्याच्याकडं उरलं होतं ते जुन्या कॅसेटी डिस्कवर उतरवून देण्याचं काम, आणि त्याला चालू व्हीसीआर लागतो. तो जुनी मशिनं विकत आणायचा, एकाचं रबर दुसऱ्याला, दुसऱ्याची मोटर तिसऱ्याला लावायचा. मागच्या खोलीत पोटं उघडलेली मशिनं छतापर्यंत रचलेली होती. त्यातलं शेवटचंही गेल्या पावसात बंद पडलं.

घराच्या पायरीवर सुंदरी बसली होती. कुंभारवाड्याहून पहिल्या बसनं आली होती. तिच्या मुलीचं, पूर्णिमाचं लग्न पुंडलिकनंच कॅमेऱ्यात उतरवलं होतं.

"जेवा म्हटलं तर आधी कॅसेट बघू दे म्हणत्यात," त्याची बायको यमुना म्हणाली.

सुंदरीनं सावकाश सांगितलं. तिचा नवरा झिलू वैशाखात गेला. घरात त्याचा फोटो नाही. मतदानाच्या ओळखपत्रावर आहे, "पण त्यात त्यो पकडून आणल्यागत दिसतोय." पूर्णिमाच्या लग्नात त्यानं गुमट वाजवला होता. मातीच्या मडक्याला घोरपडीचं कातडं ओढून गुमट करतात. त्या कातड्यावर आता बंदी आहे. झिलूचा गुमट फुटला, त्यानंतर घरात दुसरा आला नाही. लग्नाच्या वेळी गावात वीज नव्हती, म्हणून ही कॅसेट कुणी कधी पाहिलीच नव्हती. आता वीज आली होती आणि पूर्णिमाच्या घरी डिस्क लावायचं यंत्रही होतं.

"एकदा त्येचं तोंड बघायचं हाय, अण्णा," ती म्हणाली. "त्येवढंच."

तिनं लुगड्याच्या धडप्याची गाठ सोडली. खोलीभर धुराचा वास पसरला.

"कुठं ठेवली हुती, अक्का?"

"कुठं म्हंजे? चुलीवर. बियाणाबरोबर."

त्या घरांत चुलीच्या वर बांबूची ताटी टांगलेली असते. मक्याची कणसं, बियाण्याच्या काकड्या, सुकी मासळी, जे जे टिकायला हवं ते तिथं धुरावर ठेवतात. सुंदरीनं कॅसेट तशीच जपली होती. वापरायची वेळ येईल तेव्हा काढायची.

पुंडलिकनं झाकण उचलून पाहिलं. या भागातल्या कॅसेटींना पांढरी बुरशी धरलेली असते. हिला बुरशीचा ठिपका नव्हता. पण पट्टीवर काजळीचा चिकट थर बसला होता. स्पिरिटच्या फडक्यातून हातानं ओढत तो पट्टी पुसत राहिला. फडकी काळी झाली. थर मात्र पुरता गेला नाही. ही पट्टी घातली तर मशीनचं हेड, म्हणजे पट्टी वाचणारा भाग, तुंबणार आणि हे मशीनही जाणार हे त्याला दिसत होतं.

त्यानं स्वयंपाकघरात जाऊन यमुनेला ते सांगितलं. त्यांच्या मुलाच्या, प्रशांतच्या बारशाची कॅसेटही अजून उतरवायची राहिली होती. चांगलं मशीन मिळू दे, असं तो दरवेळी म्हणायचा. ती आधी उतरवून घेता आली असती, पण मग सुंदरीची परतीची बस चुकली असती. यमुनेनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"त्यांचीच घाला," ती म्हणाली.

त्यानं डिस्कवर उतरवायला लावून कॅसेट चालू केली. मांडव दिसला. बाशिंग बांधलेली पूर्णिमा दिसली. मग चटईवर बसलेले वाजवणारे आले. अगदी कडेला झिलू होता, गुमटावर वाकलेला. मुंडाशामुळं तोंड झाकलं होतं.

"असाच बसायचा," सुंदरी म्हणाली. "थांब. बायकांनी गाणं धरलं की मान वर करतोय."

चित्रावर पांढरे ठिपके उठले. ते वाढत गेले आणि पडदा पांढरा झाला. गुमट मात्र वाजत राहिला. चित्राचं हेड तुंबलं होतं, आवाजाचं वेगळं असतं. पुंडलिकनं बंद करायला हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे. वाजतंय न्हवं?"

तिनं डोळे मिटले. थोड्या वेळानं बायकांनी गाणं धरलं. गुमटाचा ठेका चढला.

"आता बघ," डोळे न उघडता ती म्हणाली, "मान वर केली."

यमुना दारात उभी होती. गाणी संपेपर्यंत कुणी हललं नाही.

नंतर पुंडलिकनं मशीन उघडून हेड पुन्हा पुन्हा पुसलं. चित्र आलं नाही. डिस्कवर जे उतरलं होतं तेच त्यानं कागदात गुंडाळून दिलं आणि ही डिस्क चुलीवर ठेवू नका, उष्णतेनं वाकते, असं सांगितलं.

सुंदरीनं त्याच्या काळ्या फडक्यांकडं पाहिलं.

"म्हंजे धुरानंच गेली व्हय? म्या घालवली?"

"न्हाई अक्का. धुरानं टिकली. बाकीच्यांची बुरशीनं खाल्ली, आवाजबी न्हाई."

तिला ते पटलं की नाही, कळलं नाही. यमुनेनं वाढलेलं ती जेवली.

पुंडलिक तिला बसपर्यंत सोडायला गेला. गाडी भरली होती. तिला कशीबशी जागा मिळाली. कंडक्टरनं कॅसेट आणि डिस्क बांधलेल्या तिच्या गाठोड्याकडं बोट केलं आणि वरची फळी दाखवली.

"आजी, ते वर ठेवा."

"वर लई वर्सं हुतं, बाबा," सुंदरी म्हणाली. "आता मांडीवर असू दे."

कंडक्टर पुढं सरकला. त्यानं घंटीची दोरी ओढली.