सहा डिसेंबरची खळ

मी एक जुना टोप आहे, मित्रांनो. राजाच्या डोक्यावरचा नव्हे हं! चुलीवरचा, जर्मनचा म्हणजे ॲल्युमिनियमचा, काठाला पोचे आलेला, आतून पांढरा आणि बाहेरून काळाकुट्ट. परळच्या एका वाचनालयात, बालविभागाच्या खिडकीत माझा मुक्काम असतो. माझ्यात खळ शिजते. खळ म्हणजे मैदा पाण्यात शिजवून केलेला गोंद. तुमच्या त्या बाटलीतल्या गोंदाची आजीच म्हणा ना.

माझा जन्म भायखळ्याच्या एका भांडीवाल्याकडे झाला. तिथून मी लालबागच्या राधाकाकूंच्या खानावळीत गेलो. काय दिवस होते ते! माझ्यात कुळथाची पिठी शिजायची आणि गिरणीतून सुटलेली माणसं "काकू, अजून एक वाटी" म्हणाली की मी आपला फुशारून जायचो. पुढे गिरण्या थंडावल्या, खानावळीला टाळं लागलं आणि राधाकाकूंच्या भाच्याने, दत्तारामने, मला बगलेत मारून वाचनालयात आणलं. दत्ताराम तिथे शिपाई. मला वाटलं, इथे निदान चहा तरी उकळतील. कसलं काय! पहिल्याच दिवशी माझ्यात मैदा पडला आणि वर चिमूटभर मोरचूद. मोरचूद म्हणजे निळं विष. खळीला कीड लागू नये म्हणून घालतात. एकदा का मोरचूद पडलं, की तो टोप पुन्हा अन्नाला लावत नाहीत. मला फार वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

पण मुलं आली आणि माझा रुसवा पळाला. नारळी पौर्णिमेला सोनेरी कागदाचे नारळ, दिवाळीत कंदील, नाताळात चांदण्या, संक्रांतीला पतंग. आधी सणाची गोष्ट, मग कातरकाम, असा रिवाज. दत्तारामचं लक्ष खळीपेक्षा गोष्टीतच जास्त. राक्षस मरायच्या बेतात आला की इकडे खळ खाली लागलीच म्हणून समजा! पोरं ओरडायची, "काका, करपली!" आणि तो म्हणायचा, "गप रवा रे, आधी तो मरूंदे!"

मग आल्या त्या ग्लू स्टिक. टोपण काढा, फासा, संपलं. मला कपाटावर चढवलं आणि माझ्यात मोडके खडू भरले. एका पालीने तर माझ्यात बिऱ्हाडच थाटलं. कुणी वर मान करून बघत नव्हतं. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय!

मला खाली काढलं ते अक्षताने. गिरगावातली ही तरुण मुलगी बालविभागाची ग्रंथपाल म्हणून आली. तिच्या पहिल्याच दिवाळीत ग्लू स्टिकने चिकटवलेले कंदील दमट हवेने पटापट उकलले. ती रडकुंडीला आली, तेव्हा दत्तारामला माझी आठवण झाली. "गे बाय, टोप आसा ना वर!" अक्षताने मला स्वतःच्या हाताने घासलं. त्या दिवसापासून मी तिचा.

मुलांसाठी काही ठरवायचं म्हटलं की अक्षता जीव ओतायची. खिडकीत माझ्या शेजारी कॅलेंडर पसरून बसायची. कोणत्या सणाला कोणती गोष्ट, कोणता कागद, लहानग्यांना कात्री द्यायची की हाताने फाडू द्यायचं, सगळं आधीच ठरवायची. शाळांना सुट्टी कधी ते बघून लाल खुणा करायची. सुट्टी असली की मुलं मोकळी आणि मुलं मोकळी की गोष्टीला गर्दी, असा तिचा साधा हिशेब. त्या हिशेबातच ती फसली.

आता मनवाबद्दल सांगतो. नऊ वर्षांची, नायगावच्या चाळीतली. शाळा सुटली की थेट वाचनालयात. बोलायला लाजरी, पण पुस्तक हातात घेऊन मोठ्याने वाचायला लागली की ऐकत राहावं. नाताळसाठी अक्षताने हरवलेल्या चांदणीची एक गोष्ट निवडली आणि सांगितलं, "ही गोष्ट आपली मनवा सांगणार." मनवा लाजली, हसली आणि मग संध्याकाळभर ओठ हलवत पाठच करत बसली. तिच्यासाठी सोनेरी कागदाचा मुकुटसुद्धा झाला. तो मीच चिकटवला, म्हणजे माझ्या खळीने.

नाताळात निम्मी मुलं गावाला जातात, म्हणून दुसऱ्या दिवशी अक्षताने त्याआधीची एक सुट्टी पकडून फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं, "६ डिसेंबर. शाळांना सुट्टी! चला, धमाल करू या! गोष्ट, चांदण्या आणि केक!"

मनवा आली, तिने फळा वाचला आणि तिथेच थबकली. मग अक्षताजवळ जाऊन म्हणाली, "ताई, मला नाही जमणार."

"अगं, घाबरतेस काय! मी आहे ना शेजारी."

"घाबरत नाही. पण नाही जमणार."

"का पण? सुट्टीच तर आहे तुला!"

सगळी मुलं बघत होती. मागून एक जण पचकला, "फाटली तिची!" पोरं हसली. मनवाने मुकुट टेबलावर ठेवला, दप्तर उचललं आणि ती निघून गेली. अक्षताला वाटलं, येईल उद्या. मनवा दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. अक्षता दार वाजलं की मान वर करायची आणि पुन्हा खाली घालायची.

मग एका दुपारी पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी बाई आली. हातात पुस्तक आणि मनवाचं वाचनालयाचं कार्ड.

"जय भीम, बाई. मी मनवाची आजी, सोनूबाई. हे पुस्तक घ्या. आन हे कार्ड बंद करा."

अक्षता उठून उभीच राहिली. "का हो आजी? बरी आहे ना ती?"

"बरी हाय. पर जेवत न्हाय नीट. मी म्हटलं, जा की बया, सांग गोष्ट, एका दिवसानं काय हुतंय! तर म्हणती, आज्जी, तिथं धमाल लिवलंय. बाबासाहेबांच्या दिवशी मी धमाल कशी करू? आमच्याकडं त्या दिवशी पाव्हणं असत्यात, बाई. नांदेड, अकोला, कुठनं कुठनं येत्यात चैत्यभूमीला. चाळीम्होरं मांडव असतो आमचा. पोरगी दरसाल पाणी वाटती. तिला ते सोडायचं न्हाय. आन तुमच्या तोंडावर सांगायला जीभ रेटत न्हाय. तुमच्यावर लई जीव तिचा. म्हणून म्हटलं, कार्डच नको."

अक्षताचा चेहरा खर्रकन उतरला.

"तुम्हाला म्हाईत नव्हतं व्हय?" सोनूबाईंनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात. खरंच विचारलं.

"माहीत होतं," अक्षता म्हणाली. "तेच तर! दर वर्षी माहीत असतं. त्या दिवशी दादरचे रस्ते बंद असतात, म्हणून मी दुसरीकडून जाते. तेवढंच माहीत होतं. चुकलं माझं, आजी."

तिने फडकं घेतलं आणि फळा पुसला. दत्ताराम दारातून म्हणाला, "बाय, केक सांगितलो हा!" "नको म्हणून कळवा, काका," ती म्हणाली. मग सोनूबाईंकडे वळली. "कार्ड मी ठेवून घेते, बंद करत नाही. त्या दिवशी इथे काही नाही आता. पण मांडवात काही काम असलं, तर आम्ही आलो तर चालेल?"

सोनूबाईंनी तिला जरा निरखून बघितलं. "काम काय, ढीगभर! लोक पुस्तकं घेत्यात गठ्ठ्यानं. पिशवी नसती. सुतळीनं बोटं कापत्यात बिचाऱ्यांची."

"पिशव्या आम्हाला करता येतात," अक्षता म्हणाली.

सहा तारखेला सकाळी दत्तारामने मला चिंच आणि राख लावून असं काही घासलं, की माझी सालटी निघायची बाकी राहिली. "थंय अन्न शिजता, लहान पोरां फिरतत. आज मोरचूद नको," असं म्हणून त्याने नुसत्या मैद्याची खळ केली. मांडवाच्या एका अंगाला डाळभाताची पातेली आणि दुसऱ्या अंगाला जुन्या वर्तमानपत्रांच्या ढिगाजवळ मी. रस्ताभर पांढरे कपडे, निळे झेंडे. एवढी माणसं, पण ढकलाढकली नाही, आरडाओरडा नाही. लांबचा प्रवास करून आलेले थकलेले पाय आणि हातात पुस्तकं. मी इतकी वर्षं पुस्तकांच्या घरात राहिलो, पण एवढी पुस्तकं चालत जाताना कधी पाहिली नव्हती.

मनवा पाणी वाटत होती. तिने अक्षताला पाहिलं आणि मान फिरवली. मला वाटलं, अक्षता, हाक मार ना तिला! पण अक्षताने हाक मारली नाही. ती मांडी घालून बसली आणि वाचनालयातल्या चार मुलांबरोबर पिशव्या करत राहिली. "फाटली तिची" म्हणणारा पोरगाही त्यात होता. तो कुणाकडे न बघता घड्या घालत होता.

दुपारी एका बाईंच्या गठ्ठ्याची सुतळी तुटली आणि पुस्तकं मांडवासमोर विखुरली. मनवा धावली. पुस्तकं छातीशी धरून ती आमच्याकडे आली, एक पिशवी उचलून तिने बोटाने तळ दाबला.

"ताई, हा ओला आहे. फाटेल."

"मग अजून एक थर लावू या."

मनवा खाली बसली आणि तिने माझ्यात हात घातला. दोघींनी मिळून तळ पक्का केला. पिशवी वाळेपर्यंत त्या बाई टेकल्या. त्यांनी एक पुस्तक पुढे केलं. "बाळा, नातवासाठी घेतलं. मला वाचता येत न्हाय. काय लिवलंय, वाच बरं."

मनवाने पहिलं पान उघडलं आणि वाचायला लागली. आधी हळू, मग नेहमीच्या तिच्या त्या स्वच्छ आवाजात. दोन माणसं थांबली, मग चार, मग त्यांच्या कडेवरची पोरं. पाणी पिणाऱ्यांनी पेले हातातच धरून ठेवले. सोनूबाई भात वाढायचा डाव घेऊन तशाच उभ्या होत्या. पान संपलं, तेव्हा त्या बाईंनी मनवाच्या गालांवरून हात फिरवला आणि बोटं मोडली. अक्षताने डोळे पुसले आणि गालाला खळ लावून घेतली.

लोक पांगल्यावर मनवाने विचारलं, "ताई, चांदणीची गोष्ट कधी आहे आता?"

"ठरवलं नाही अजून. तुला कधी जमेल?"

मनवा तिच्याकडे बघतच राहिली. "मला विचारून ठरवणार?"

"तुला आणि सगळ्यांना."

"मग येईन मी," मनवा म्हणाली.

मित्रांनो, मी पडलो टोप. मला घासा, पुसा, वापरून झाल्यावर पालथा घाला, म्हणजे मी अजून पुष्कळ वर्षं तुमच्या कामी येईन. वस्तू जपाव्यात, हे तुम्हाला शाळेत शिकवतातच. पण कधी सुट्टीचा बेत आखाल, तेव्हा शेजारी बसलेल्याला एवढं विचारा, "त्या दिवशी तुमच्याकडे काय असतं?" विचारलं की माणसं सांगतात हो. मनवानेही सांगितलं असतं. बेत ठरवण्याआधी तिला कुणी विचारलंच नव्हतं.