परत येणारी माणसं

गुडघा गेला तेव्हा शिडी सव्वीस वर्षांची होती. उंचीमुळे शाळेत पडलेलं हे नाव व्हॉलीबॉलच्या संघातही टिकलं. संघ सुटला आणि त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही. सुरुवातीला मैत्रिणींचे फोन आले. मग सामने सुरू झाले, त्या दौऱ्यावर गेल्या, आणि हळूहळू फोन थांबले. भाड्याच्या खोलीत ती एकटीच जेवायची, तेही उभ्याने, ओट्याशी. पूर्वी एक गुण मिळाला तरी सगळ्याजणी येऊन गळ्यात पडायच्या, पाठीवर थापा बसायच्या. आता दिवसच्या दिवस कुणाचा हात लागत नसे.

लागायचा तो दोघांचाच. गुडघ्यासाठी फिजिओथेरपीच्या ताईंचा, आणि लंगडून चालल्यामुळे धरलेल्या पाठीसाठी मणके जागेवर बसवणाऱ्या कायरोप्रॅक्टर सरांचा. म्हणूनच असेल, पुढे काय शिकायचं हा प्रश्न आला तेव्हा तिला दोनच वाटा दिसल्या.

बाबा मोठ्या भावाकडे, दुसऱ्या गावी राहायचे. फोनवर म्हणाले, "खेळाडूंची अक्कल गुडघ्यात असते म्हणतात. तुझा तर गुडघाच गेला. आता तरी नीट विचार करशील."

"बाबा, चेष्टा पुरे. मणके की सांधे, ते सांगा."

"मी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, मला त्यातलं काय कळतंय? दोघांकडे बसून बघ. पण दोन डगरींवर फार दिवस पाय ठेवू नकोस. आधीच एक अधू आहे."

तिने दोघांनाही विचारलं आणि दोघांनीही हो म्हटलं. सकाळी ती सरांच्या दवाखान्यात असायची आणि दुपारी ताईंच्या.

सरांच्या खोलीत भिंतीशी पाठीच्या कण्याचा प्लास्टिकचा नमुना टांगलेला होता. प्रत्येक माणूस उठला की टेबलाच्या उशीवरचा कागद फाडून नवा ओढायचा, हे शिडीचं काम. माणसं कण्हत यायची. सर पाठीवरून बोटं फिरवत जायचे, एका जागी थांबायचे, श्वास सोडायला सांगायचे आणि झटका द्यायचे. कट् असा आवाज व्हायचा. माणूस खांदे हलवत, हसत उठायचा. आणि पुन्हा यायचा. काहीजण तर वर्षानुवर्षं येत होते. त्यांतल्या एक निवृत्त बाई तर आल्या आल्या शिडीकडे बघून म्हणायच्या, "आज जागरण झालेलं दिसतंय," किंवा "हा रंग तुला शोभतो हं." एवढंच. पण शिडी ते वाक्य घरी घेऊन जायची.

ताईंकडे, हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, हसत उठणारं कोणी नव्हतं. तिथे रबरी पट्टे होते, आधाराचे दोन समांतर दांडे होते, आणि कुठेच न जाणारा तीन पायऱ्यांचा जिना होता. मांडीचं हाड मोडलेला एक ट्रक ड्रायव्हर वरच्या वॉर्डातून रोज खाली आणला जायचा. तो ताईंना, डॉक्टरांना आणि त्या जिन्याला सारख्याच शिव्या द्यायचा.

"याच्याजवळ उभी राहा," ताई शिडीला म्हणाल्या. "तू या सगळ्यातून गेली आहेस. तुझं ऐकेल कदाचित."

पहिल्या दिवशी त्याने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी शिडी त्याच्या शेजारच्या सतरंजीवर आडवी झाली आणि स्वतःचा खराब पाय उचलू लागली. "मला कंटाळा आलाय," ती म्हणाली. "तुम्ही मोजा, मी उचलते. मग मी मोजते."

ड्रायव्हरने मोजलं, आणि मुद्दाम दोन आकडे गाळले. तिने पकडलं. तो पहिल्यांदाच हसला. "कोच, तुम्ही लबाडी चालू देत नाही बुवा!"

त्या दिवसापासून ती कोच झाली. दुपारचा डबा घेऊन ती वॉर्डात त्याच्या खाटेशी बसायची. तो रस्त्यांच्या गोष्टी सांगायचा. गाडीत आपण रेडिओशी भांडतो, म्हणायचा, कारण दुसरं कोण असतं भांडायला? शिडीला ते इतकं पटलं की ती घास घ्यायचीच विसरली. काठी टाकून तो जिना चढला त्या दिवशी तिने फोन करून बाबांना सांगितलं, "ठरलं. फिजिओथेरपी."

पुढच्या सोमवारी खाट रिकामी होती. रविवारीच घरी सोडलं, असं नर्स म्हणाली. निरोप काही नव्हता.

महिन्याभराने पेट्रोल पंपावर तो दिसला. ट्रकच्या केबिनमध्ये एका दमात चढत होता. शिडी धावत गेली, जमेल तेवढी. "पाय कसा आहे?"

त्याने खाली पाहिलं. "कुठला? हां, तो! मस्त!" मग क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. ओळख लागते का, चाचपत असावा. "हॉस्पिटलातल्या ना तुम्ही?" मागच्या गाडीने हॉर्न दिला. हात हलवून तो निघून गेला.

ताईंना सांगितलं तेव्हा त्या पट्टे आवरत होत्या. "गरज सरो नि वैद्य मरो. ही म्हण आपल्यासाठीच आहे गं. वाईट वाटून घेऊ नकोस."

पण तिला वाईट वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी ती सरांना म्हणाली, "मी तुमच्या वाटेने यायचं म्हणते."

"का?"

तिला खोटं बोलता आलं नाही. "इथे माणसं परत येतात."

सरांनी हात पुसले आणि खुर्ची ओढून समोर बसले. "येतात, खरंय. पाठ दाखवतात आणि जातात. रविवारी माझी बेल कोणी वाजवत नाही." ते ओशाळं हसले. "मी या कामात का आहे सांगू? बोटांखाली काय अडकलंय ते शोधायची मला हौस आहे. एकेका पाठीवर दिवसभर विचार करतो. तुला तशी हौस वाटली का कधी?"

शिडीने आठवून पाहिलं. सरांच्या टेबलाशी तिने माणसांचे चेहरे बघितले होते, पाठी नव्हे. आणि त्या सतरंजीवर? तिथे ड्रायव्हरची टाच जमिनीपासून बोटभर उचलली गेली, तेव्हा ती ओरडलीच होती. तो तिला ओळखतो की नाही, हे त्या क्षणी तिच्या डोक्यातही नव्हतं.

"नाही वाटली," ती म्हणाली.

"मग झालं तर. चहा घेणार?"

तिने फिजिओथेरपीला प्रवेश घेतला. वर्गातली मुलं तिच्याहून बरीच लहान होती. तिला मावशी म्हणायची आणि जेवणाच्या सुट्टीत घोळक्याने निघून जायची. खांदा तपासायच्या तासाला सगळ्यांच्या जोड्या जमल्या, शिडी एकटी उरली. शिकवणाऱ्या बाईंनी आजूबाजूला पाहिलं, आपला कोट काढून खुर्चीवर टाकला आणि स्टुलावर बसल्या.

"माझा बघ. दुखराच आहे, नीट शिकशील."

शिडीने तळहात एकमेकांवर घासून उबदार केले आणि बाईंच्या खांद्यावर ठेवले. हाडाची कड तिला लगेच सापडली. "आता हात वर घ्या," ती म्हणाली, "दुखेल तिथे थांबा. मी आहे."