हार्मोनल वय पस्तीस

माझ्या रक्ताचा रिपोर्ट बावीस पानांचा आला. माझ्या लग्नाला इतके पाहुणे नव्हते. पहिल्या पानावर माझं नाव, वय चौऱ्याहत्तर आणि धावत सुटलेल्या एका हसऱ्या बाईचं चित्र. ती कुठे पळतेय ते कळेना, पण सगळी पानं वाचून झाल्यावर मलाही तसंच पळत सुटावंसं वाटलं.

सुनेचा रिपोर्टही तेवढाच जाड. दोघींचं एकच पॅकेज होतं. 'स्त्री-आरोग्य संपूर्ण', एका बाईवर दुसरी फुकट. मुलाने फोनवर बोट फिरवून मागवलं. कुठे सवलत दिसली की त्याचा हात शिवशिवतो. आमच्या घरात दोन मिक्सर आहेत ते त्यामुळेच. पॅकेजात काय काय आहे ते त्याने वाचलं नव्हतं. बायकांच्या पाळीशी संबंधित झाडून सगळे हार्मोन त्यात होते. माझ्या वयाच्या बाईचे ते हार्मोन मोजायचे म्हणजे विझलेल्या चुलीवर दूध उतू जातंय का ते बघत बसायचं. पण पॅकेज म्हणजे पॅकेज.

पूर्वीचे डॉक्टर आधी जीभ बघायचे, पापणी खाली ओढून बघायचे, मग विचारायचे, "झोप लागते का? घरात कोणाचा त्रास आहे?" रक्त काढायची वेळ क्वचित यायची. आली तरी एका शंकेसाठी एक तपासणी आणि चिठ्ठीवर एक आकडा. आता बहात्तर आकडे, वर जाणारे लाल बाण, खाली येणारे लाल बाण, आणि प्रत्येक बाणाशेजारी तोंड पाडलेला एक गोल चेहरा. रडायचं कधी हेसुद्धा तेच सांगणार.

मी एकटी असते तर ती पानं कपाटाच्या फळीवर अंथरून मोकळी झाले असते. प्रश्न सुनेचा होता. ती एकोणचाळीस वर्षांची. चार वर्षं मुलासाठी प्रयत्न चालले होते. दोनदा राहिलं, दोनदा गेलं. तीन महिने थांबून एका मोठ्या डॉक्टरीणबाईंची शुक्रवारची वेळ मिळाली होती. आता उपचार सुरू करायचे की नाही, ते त्या ठरवणार होत्या. आणि त्याच आठवड्यात, रविवारी, हे बाड येऊन पडलं.

रिपोर्ट समजावून सांगायला पॅकेजातच एक सल्लागार बाई होती. ती फोनच्या पडद्यावर आली. मागे कुंडीतलं झाड, पुढे दात. तिचे दात बोलणं संपल्यावरही दिसत राहायचे.

"मॅडम, तुमचा एफएसएच ब्याऐंशी आहे," ती सुनेला म्हणाली. "हा हार्मोन पाळी गेल्यावर इतका चढतो. म्हणजे तुमचा अंडाशयाचा प्रवास पूर्ण झालाय."

अंडाशयाचा प्रवास. जशी काही यात्रा कंपनीच.

"पण माझी पाळी अगदी वेळेवर येते," सून म्हणाली. "गेल्याच आठवड्यात येऊन गेली."

"शरीर फसवतं मॅडम. आकडे फसवत नाहीत."

"आणि हे बी ट्वेल्व? दोन हजारांच्या वर लिहिलंय. मी तर एकही गोळी घेत नाही."

"स्ट्रेस. स्ट्रेसमध्ये शरीर साठवून ठेवतं. तुम्ही श्वासाचे व्यायाम करा. आपला एक कोर्स आहे."

माझा मुलगा शेजारी बसून मान डोलावत होता. तो बँकेत बसतो, आकड्यासमोर त्याची मान आपोआप हलते.

मग बाई माझ्याकडे वळली. "आजी, अभिनंदन. तुमचा एफएसएच सहा आहे. तुमचं हार्मोनल वय पस्तीस. फक्त बी ट्वेल्व फार कमी आहे, एकशे अडतीस. त्याच्या कॅप्सूल मी पाठवते. तुमचं रहस्य काय?"

आता इथे मला लाज वाटायला हवी. वाटली नाही. मी म्हणाले, "आयुष्यभर कष्ट केले, दुसरं काय."

संध्याकाळी समोरच्या काकू वाटी परत द्यायला आल्या, तेव्हा तो कागद टेबलावर सहज पडल्यासारखा मी ठेवला होता. त्यांनी चष्मा लावून वाचला. "पस्तीस? मग गुडघे का कुरकुरतात हो?" त्या म्हणाल्या, पण जळल्या. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरची शिक्षिका आली. नंतर इस्त्रीवाली. मी तीन दिवस त्या सहाच्या आकड्यावर जगले. सून त्या तीन दिवसांत आतल्या खोलीचं दार लावून होती. जेवायला यायची, ताटात बोट फिरवायची, उठून जायची. मला वाटलं, सावरेल. दुसऱ्याचं दुःख सावरेल असं आपल्याला लवकर वाटतं.

मंगळवारी रात्री जेवताना ती म्हणाली, "शुक्रवारची वेळ मी रद्द करते."

"तू म्हणशील तसं," मुलगा म्हणाला.

मी त्याला नऊ महिने वाढवलं ते हे तीन शब्द ऐकायला.

बुधवारी माझा इंजेक्शनचा दिवस. सहा वर्षांपूर्वी पायांना मुंग्या यायला लागल्या, तेव्हापासून कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली सिस्टर मला दर महिन्याला बी ट्वेल्व टोचते. ही सिस्टर गेली वीस वर्षं त्याच स्टुलावर बसते आणि कुणाचंही कौतुक करत नाही. मी रिपोर्ट बरोबर नेला होता. कशासाठी नेला होता ते सांगायला नको.

तिने पानं उलटली. पस्तीस वय बघून तिच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. पुढच्या पानावर मात्र थांबली.

"एकशे अडतीस?"

"कमी आहे ना? कॅप्सूल येणार आहेत."

"आजी, मी सहा वर्षं तुम्हाला टोचतेय ते काय पाणी? इंजेक्शन घेणाऱ्याचा आकडा आभाळाला लागतो. यंत्राला मोजता येत नाही. हे रक्त तुमचं नाही."

मी दंड पुढे केला, तिने टोचलं, कापूस चोळला. मी तशीच बाकावर बसून राहिले.

मी एकतीस वर्षं बायकांचे कपडे शिवले. वहीत प्रत्येकीचं एक पान, पानावर मापं. एकदा दोन जावांची पानं अदलाबदल झाली. आडनाव एक, दोघी एकाच दिवशी आलेल्या, मी घाईत. वहीप्रमाणे दोन कोट बेतले, शिवले. मोठीला तो दंडातून चढेना, धाकटीच्या अंगात दुसरी कोणी मावली असती. माझी चूक मला तिथेच कळली. कापड भरून दिलं, दोन्ही कोट पुन्हा शिवले. बाई, माप बरोबर आहे, तुमचं अंगच चुकलंय, असं मी म्हणाले नाही. ते म्हणायला फार शिकावं लागतं, मागे कुंडीतलं झाड लागतं.

आणि मला रक्त नेणारी ती बाई आठवली. कानात फोनचं बोंड, पलीकडच्या कोणाशी पुढच्या पत्त्यावरून भांडत होती. आधी माझं रक्त काढलं, मग सुनेचं. चार नळ्या टेबलावर एकीला एक लागून आडव्या. "दोघी एकाच आडनावाच्या ना?" एवढंच आमच्याशी बोलली. नावाच्या चिकटपट्ट्या तिने दाराबाहेर, चपला घालता घालता, गुडघ्यावर पिशवी ठेवून लावल्या. मी बघत होते. मी बघत होते आणि तिला चहा विचारत होते.

घरी येऊन आतल्या खोलीचं दार वाजवलं.

"अगं, तो ब्याऐंशी तुझा नाही. माझा आहे."

सून पलंगावर बसली होती. मी सिस्टरचं बोलणं सांगितलं, नळ्यांचं सांगितलं. तिने दोन्ही बाडं उघडून शेजारी शेजारी ठेवली. माझं दोन हजारांच्या वरचं बी ट्वेल्व तिच्या नावावर, तिचं एकशे अडतीस माझ्या. पाळी गेलेल्या बाईचा हार्मोन तिच्या नावावर, पाळी असलेल्या बाईचा माझ्या.

"आई, तुम्ही इंजेक्शन घेता हे तुम्हाला रविवारी माहीत होतं."

"होतं."

"मग?"

"मला ते पस्तीस आवडलं होतं."

खोटं बोलायला जागाच नव्हती.

"म्हणजे गेले तीन दिवस," ती हळू म्हणाली, "तुम्ही माझा रिपोर्ट बिल्डिंगभर दाखवत होता. आणि मी तुमच्या रिपोर्टसाठी रडत होते."

मी बाडावरचा कंपनीचा नंबर शोधून तिच्यापुढे धरला.

तिने कंपनीला फोन लावला. पाऊण तास गाणी ऐकवल्यावर एक माणूस आला आणि म्हणाला की त्यांच्याकडे अदलाबदल होऊच शकत नाही, सगळं संगणकावर असतं. सून म्हणाली, "चपला संगणकावर नव्हत्या." तो म्हणाला, तुमची भावना आम्ही पुढे कळवतो. थोड्या वेळाने सल्लागार बाईचा निरोप आला की आकड्यांमध्ये नैसर्गिक चढउतार होतात. सहावरून ब्याऐंशी. असा चढउतार असेल तर उद्या मला मिशाही फुटतील.

त्याच दुपारी आम्ही दोघी सरकारी इस्पितळात गेलो. रांग लांब, बाक मोडका, भिंतीला ओल. खिडकीतली बाई म्हातारी आणि तिरसट होती. माझा हात धरून तिने विचारलं, "नाव सांगा." मी म्हणाले, "कागदावर आहे की." ती म्हणाली, "कागदाला नाही विचारलं." नाव ऐकलं, नळीवर लिहिलं, मगच सुई. सुनेचंही तसंच.

गुरुवारी संध्याकाळी एका पानाचे दोन कागद हातात आले. चित्र नाही, चेहरा नाही. माझा हार्मोन एकोणऐंशी, जसा म्हातारीचा असावा. सुनेचा सात. बी ट्वेल्व माझं मोजण्यापलीकडे, तिचं एकशे चाळीस. वर्षभर ती थकवा थकवा म्हणत होती आणि मी, आजकालच्या मुलींना दोन जिने चढवत नाहीत, असं ऐकवत होते. तेही या कागदाने माझ्या पदरात घातलं.

मुलगा म्हणाला, "बघ, मी म्हणतच होतो काहीतरी गडबड आहे." आम्ही दोघींनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं. तो बाल्कनीत गेला.

शुक्रवारची वेळ सुदैवाने तिने अजून रद्द केली नव्हती. मुलाला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी बरोबर गेले. डॉक्टरीणबाई साठीच्या, बारीक आवाजाच्या. त्यांनी बावीस पानं हातात घेतली, तोलली आणि न उघडता टेबलाच्या कडेला ठेवली. इस्पितळाचा कागद वाचला. मग सुनेला विचारलं, "रक्त दिलं तो पाळीचा कितवा दिवस होता?"

"बुधवारचा? दहावा."

"हे आधी कोणी विचारलं होतं?"

"नाही."

"हो, कोण विचारणार," त्या म्हणाल्या. "हा आकडा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघायचा असतो. सात वाईट नाही, पण त्यावर मी काही ठरवणार नाही. पुढच्या पाळीत पुन्हा बघू, सोनोग्राफी करू. बी ट्वेल्वची इंजेक्शनं आजपासून. आणि एक. वय एकोणचाळीस आहे, ते कुठल्याही कागदावर बदलत नाही. मी शब्द देत नाही. प्रयत्न करण्यासारखं आहे, एवढं सांगते."

मग मला बाहेर पाठवून त्या दोघी अर्धा तास बोलल्या. मी तिची पर्स मांडीवर घेऊन बाकावर बसले. भिंतीवर गुबगुबीत बाळांची चित्रं होती. ज्या बायका तिथे येतात त्यांच्यासमोर ती कोण लावतं, त्या माणसाला एकदा भेटायचं आहे.

सून बाहेर आली ती डोळे पुसत नव्हती. हातात औषधाची चिठ्ठी होती.

"पुढच्या महिन्यातल्या तपासण्या झाल्या की उपचार सुरू करायचे," ती म्हणाली. "आणि आई, हे कोणाला सांगायचं नाही. होईपर्यंत नाही. झालं नाही तरी नाही."

"नाही सांगणार."

"समोरच्या काकूंनाही."

"त्यांना काय सांगायचंय."

तिने माझ्याकडे पाहिलं. विश्वास ठेवला असं म्हणवत नाही. माझ्या मांडीवरची पर्स उचलली आणि औषधांच्या खिडकीसमोरच्या रांगेत जाऊन उभी राहिली. तिच्यापुढे आठ माणसं होती.