प्रमुख पाहुण्यांचे दोन शब्द

कार्यक्रमपत्रिका
खुटबाव, रविवार, नोव्हेंबर २००२
मोतीबिंदूच्या बावीस रुग्णांना ऑपरेशनसाठी पुण्याला रवाना करणे.

(करायचं एवढंच होतं. पत्रिका मात्र चार पानी.)

सकाळी ९ : प्रमुख पाहुण्यांचे आगमन

झालं नाही.

९.१५ : प्रास्ताविक, अंजना ओव्हाळ, मानद सचिव

अंजना आठवडाभर शिक्रापूरच्या एका दवाखान्याची प्रशासक आणि रविवारी हा कार्यक्रम भरवणाऱ्या ट्रस्टची सचिव. आठ वर्षं झाली. "मानद म्हंजी काय गं?" पेशंटांतल्या कुशाबाईंनी विचारलं.

"बिनपगारी."

"आन् बोलणी?"

"ती भरपूर."

पाहुणे येईनात म्हणून तेच प्रास्ताविक ती तिसऱ्यांदा करत होती. पुण्याच्या दवाखान्यात बारापर्यंत नाव नोंदवायचं होतं. बारा वाजून गेले की पुढची तारीख थेट फेब्रुवारीची. मागच्या वर्षी पाहुणे दीडला आले, फोटो झकास निघाले आणि माणसं तीच धुरकट नजर घेऊन घरी गेली. औंदा तसं झालं तर आपण राजीनामा देणार नाही, माईक फेकून मारणार, असं तिनं ठरवलं होतं.

१० : दीपप्रज्वलन

अध्यक्ष पोपटराव पाहुण्यांशिवाय काडी ओढू देईनात. "मॅडम, पायंडा हाय. ते शिक्रापुरात ट्रकांमागं अडकल्यात. येतीलच."

"आबा, गाडी साडेदहाला सुटली पाहिजे."

"सत्काराबिगर? गावात तोंड दाखवू का नको?"

"दाखवा की. बघणारं कोण हाय इथं?"

खरंच कुणी नव्हतं. आधीच मोतीबिंदू, त्यात सकाळी तपासताना डोळ्यांत थेंब घातलेले. बावीस जणांपुढं सगळं जग उन्हात धरलेल्या दुधाच्या पिशवीसारखं.

क्रमांक चुकला आहे : सत्कार

बसचा ड्रायव्हर हौशीराम पांढराशुभ्र शर्ट घालून मंचावर चढला. "बाई, निघायचं का?" एवढंच त्याला विचारायचं होतं. पण कुशाबाईंना आधीच बजावून ठेवलं होतं, की पांढरे कपडेवाला मंचावर आला, की हार घालायचा. त्यांनी घातला. बावीस जणांनी टाळ्या कुटल्या.

"अहो, त्यो ड्रायव्हर हाय!" पोपटराव ओरडले.

पण टाळ्यांत ते कोण ऐकणार? अंजनानं एक क्षण हौशीरामच्या गळ्यातल्या झेंडूकडं पाहिलं आणि माईक त्याच्या तोंडापुढं धरला.

"आता प्रमुख पाहुणे दोन शब्द बोलतील."

हौशीराम घामेघूम झाला. मग दोनच शब्द बोलला.

"गाडीत बसा."

पत्रिकेत नाही

पाच मिनिटांत बस भरली. पोपटराव बससमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले. "मॅडम, तुमचं पद जाईल!"

"बिनपगारी पद, आबा. घेऊन टाका. पण आता सरका."

पहिल्या सीटवर त्यांची बायको साळूबाई बसली होती. तिनं काचेला नाक लावलं.

"अंजनाबाई, म्होरं पांढरं काय आडवं आलंय? बैल हाय का?"

हौशीरामनं हॉर्नवर हात ठेवला.

"हाणा की त्याला कुणीतरी," साळूबाई म्हणाली. "माझा नंबर जाईल."

पोपटराव बाजूला झाले.

पुण्यात बाविसावं नाव नोंदवलं, तेव्हा बाराला सात मिनिटं कमी होती. हार अजून हौशीरामच्या गळ्यातच होता. तिथल्या नर्सनं त्याला बसायला खुर्ची दिली.